सुडाचं खातं नेमकं कुठल्या पानापासून सुरू होतं? 'सागा' कॉमिक्स वाचताना

एका गॅरेजमध्ये एक बाई बाळंत होतेय. तिच्या पाठीला पंख आहेत, शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या डोक्यावर मेंढ्यासारखी वळलेली शिंगं आहेत, आणि दोघांच्याही देशाचे सैनिक त्यांचा माग काढत तिथपर्यंत पोचतायत. मुलगी होते. तिला पंखही आहेत आणि शिंगंही. आईबाप अजून तिच्याकडे डोळे भरून बघतायत तोवर दार फुटतं, आधी एका बाजूचे सैनिक आत येतात, मग दुसऱ्या बाजूचे, आणि ते एकमेकांना बघून असे काही तुटून पडतात की थोड्या वेळाने त्या गॅरेजमध्ये जिवंत फक्त हे तिघं उरतात.

मार्च २०१२ मध्ये आलेल्या 'सागा' या कॉमिक्सचा हा पहिला अंक. लेखक ब्रायन के. व्हॉन, चित्रं फिओना स्टेपल्सची, प्रकाशक इमेज कॉमिक्स. २०१३ मध्ये पहिल्या खंडाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी कॉमिक्ससाठीचा आयझनर पुरस्कारही. पण मी हे पुरस्कारांसाठी लिहीत नाहीये. 'एकाने मारलं म्हणून दुसऱ्याने मारलं, मग तिसऱ्याने' हे चक्र थांबत का नाही, हा प्रश्न आपण बातम्या बघताना, महाभारत वाचताना, गावाकडची भांडणं ऐकताना नेहमी विचारतो, आणि त्याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला एका अंतराळातल्या कॉमिक्समध्ये मिळालं, ते जमेल तितकं सोपं करून सांगायचंय. गोष्टीतले मोठे धक्के यात येणार आहेत, ज्यांना कोऱ्या मनाने वाचायचंय त्यांनी आधी वाचून या, मी थांबते.

तर आधी हे युद्ध काय आहे ते बघू. लँडफॉल नावाचा एक मोठा ग्रह आणि रीथ हा त्याचा चंद्र. लँडफॉलच्या लोकांना पंख, त्यांच्याकडे तंत्रज्ञान, रीथच्या लोकांना शिंगं, त्यांच्याकडे जादू. दोघं पिढ्यान् पिढ्या लढतायत. आता गंमत बघा, हे दोघं एकमेकांना संपवू शकत नाहीत, कारण चंद्र फुटला तर ग्रहाची कक्षा बिघडणार आणि ग्रह गेला तर चंद्र भरकटणार. माणसं शहाणी असती तर इथेच तह झाला असता ना? पण त्यांनी काय केलं तर युद्ध घराबाहेर काढलं. दुसऱ्या ग्रहांवर नेलं. तिथल्या लोकांना सांगितलं की तुम्ही एक बाजू निवडा, आणि हळूहळू अख्खी आकाशगंगा या दोन घरांच्या भांडणात ओढली गेली, तर मूळ दोन घरांत मात्र शांतता. दुकानं उघडी, मुलं शाळेत, आणि युद्ध म्हणजे लांब कुठेतरी चाललेली गोष्ट.

चक्र न थांबण्याचं पहिलं कारण हेच. ज्यांना थांबवता येतं त्यांच्या अंगणात रक्त सांडत नाही, आणि ज्यांच्या अंगणात सांडतं त्यांच्या हातात काही नसतं.

इझाबेलचंच बघा. ती क्लीव्ह नावाच्या ग्रहावरची, वय कॉलेजात जाणाऱ्या पोरीएवढं, आणि ती भूत आहे. कमरेखाली तिला शरीरच नाही, आतडी लोंबतायत तशीच हवेत तरंगत असते, कारण ती सुरुंगावर पाय पडून मेली. तिचं लँडफॉलशी देणंघेणं नव्हतं, रीथशीही नव्हतं. तिच्या घराजवळ दुसऱ्यांचं युद्ध आलं एवढंच. हीच इझाबेल पुढे त्या बाळाला, हेझलला, रात्री सांभाळते. स्टेपल्स तिला इतकी हसरी, बडबडी काढते की चार पानांनंतर आपण ती आतडी विसरतो आणि मग एखाद्या चौकटीत ती परत दिसतात. मला त्या वेळी दर वेळी पोटात कालवतं.

आता खात्याकडे येऊ. खातं हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, कारण सुडाचा सगळा व्यवहार जमाखर्चासारखा चालतो. त्यांनी आमचे इतके मारले, आम्ही त्यांचे इतके, अजून एवढे बाकी. पण मेख अशी की दोन्ही घरांच्या वह्या वेगळ्या पानापासून सुरू होतात.

सातव्या अंकात एक आठवण आहे. मार्को, म्हणजे हेझलचा बाप, लहान आहे, आणि त्याचे आईवडील त्याला एका मोकळ्या माळावर घेऊन जातात. जादूने त्याला तिथे पूर्वी काय झालं ते दाखवतात. लँडफॉलवाल्यांनी आपल्या माणसांची केलेली कत्तल. पोरगं घाबरतं. आईवडील दुष्ट आहेत का, तर अजिबात नाही. वडील बार शांत, हाताने कपडे विणणारे, आई क्लारा कडक पण पोरावर जीव टाकणारी. त्यांना मनापासून वाटतं की आपल्या माणसांचं मरण पोराला माहीत असलंच पाहिजे, नाहीतर मेलेल्यांचा अपमान होईल. आणि खरंही आहे ते, विसरावं असं कोण म्हणेल? फक्त त्याच माळावर त्याआधी काय झालं होतं, ते त्या आठवणीत नाही. लँडफॉलच्या एखाद्या घरात दुसरी आई तिच्या पोराला दुसरा माळ दाखवत असणार, आणि तिची आठवण तिथून एक पान आधी सुरू होत असणार.

आमच्या गावाकडे भावकीत बांधावरून तेढ होती. माझ्या लहानपणी आम्हाला सांगितलेलं की त्यांनी आपला बांध कोरला. मोठी झाल्यावर एकदा त्या घरातल्या माझ्याच वयाच्या मुलीशी बोलणं झालं तेव्हा कळलं की तिला लहानपणापासून सांगितलेलं की आमच्या आजोबांनी त्यांच्या विहिरीवरचं पाणी बंद केलं, आणि बांध त्यानंतर कोरला गेला. विहिरीची गोष्ट आमच्या घरात कुणी कधी काढलीच नव्हती, बांधाची त्यांच्या घरात कुणी काढली नव्हती. दोन्ही खऱ्या होत्या. आम्ही दोघी त्या दिवशी एसटी स्टँडवर खूप वेळ नुसत्या बसून राहिलो. 'सागा'चा सातवा अंक वाचताना मला तो स्टँड आठवला.

यात अजून एक गोष्ट आहे जी आपल्या मेंदूतच बसलेली आहे. २००३ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला होता. दोन माणसं समोरासमोर, एकाच्या बोटावर यंत्राने हलका दाब दिला, त्याला सांगितलं की आता तू समोरच्याच्या बोटावर तेवढाच दाब दे, मग समोरच्याला सांगितलं की तुला जेवढा मिळाला तेवढाच परत दे. दोघंही इमानदारीने तेवढाच द्यायचा प्रयत्न करत होते, आणि तरीही दाब दर फेरीला वाढत गेला. कारण आपण स्वतः लावलेला जोर आपल्याला कमी जाणवतो, मेंदू तो थोडा पुसून टाकतो, आणि दुसऱ्याने लावलेला पुरता जाणवतो. म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. 'मी जेवढं मिळालं तेवढंच परत केलं' हे दोघांच्याही दृष्टीने सत्य, आणि तरी हिशोब फुगत जातो. यात कुणी खोटारडं असायची गरजच नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण 'सागा'ने मला जे खरं शिकवलं ते याच्या पुढचं आहे. आपण म्हणतो सूड द्वेषातून येतो, म्हणून द्वेष करू नका असं सांगत फिरतो. व्हॉन आणि स्टेपल्स जवळजवळ प्रत्येक खुनाच्या मागे एक प्रेम दाखवतात, आणि मग कळतं की 'द्वेष सोडा' या सांगण्याचा उपयोग का होत नाही.

ही एक साखळी नीट बघा. द विल नावाचा सुपारी घेऊन मारणारा माणूस आहे. या लोकांना तिथे फ्रीलान्सर म्हणतात. रीथच्या बाजूने त्याला काम मिळतं की मार्को आणि त्याची बायको अलाना, म्हणजे हेझलचे आईबाप, यांना मार आणि मूल जिवंत आण. त्याच्यासोबत एक मोठी मांजर असते, लाइंग कॅट, समोरचा खोटं बोलला की ती तसं म्हणते. हा माणूस पैशासाठी खून करतो, पण वेश्यावस्तीच्या एका ग्रहावर सहा वर्षांची मुलगी विकायला ठेवलेली बघून त्याच्या डोक्यात तिडीक जाते आणि पुढे तो तिला सोडवतो. त्याचं जिच्यावर प्रेम असतं ती द स्टॉक, अर्धी जाळं विणणारा कोळी अर्धी बाई, तीही त्याच धंद्यातली. आणि तिला मारतो प्रिन्स रोबॉट चौथा, ज्याच्या धडावर डोक्याच्या जागी टीव्ही आहे.

प्रिन्सने तिला का मारलं? काही वैर नव्हतं. तो युद्धावरून आलाय, आतून पार हादरलेला, तिचा हात हलला आणि तो दचकला आणि गोळी सुटली. प्रिन्सची बायको घरी गरोदर आहे आणि त्याला कसंही करून मार्कोला पकडायचं काम उरकून बाळ यायच्या आत घरी पोचायचंय. म्हणजे एक माणूस घरी जायच्या ओढीने घाईत आहे, आणि त्या घाईत दुसऱ्याचं माणूस जातं.

द विल ते विसरत नाही. वर्षं जातात. दरम्यान प्रिन्सचं काय होतं बघा. त्याच्याच राज्यात डेंगो नावाचा झाडूपोछा करणारा एक गरीब रोबॉट असतो. त्याचं मूल आजारपणात उपचाराअभावी गेलेलं असतं, साध्या, बरं होणाऱ्या आजारात, आणि तिकडे राजवाड्यात राजपुत्राच्या जन्माचा थाट चाललेला. डेंगो वाड्यात शिरून प्रिन्सच्या बायकोला मारतो आणि तान्हं मूल पळवतो. वाचताना डेंगोचा भयंकर राग येतो, आणि त्याच्या मुलाबद्दल वाचलं की तो राग धड राहत नाही. पुढे डेंगोच्या हाती हेझलही लागते, आणि मग ज्याला मार्कोला पकडायला पाठवलं होतं तो प्रिन्स आणि ज्याला पकडायचं होतं तो मार्को, दोघं एकाच जहाजात बसून आपापलं लेकरू शोधायला निघतात. मला सगळ्या मालिकेत हे दृश्य सगळ्यात जास्त आवडतं. कुणी तह केलेला नाही, कुणी माफी मागितलेली नाही, दोघं एकमेकांना धड बघूनही घेत नाहीत, पण पोरं हरवल्यावर बापांना बोलायला विषय सापडतो. पुढे प्रिन्स आणि त्याचं पोर, स्क्वायर, या कुटुंबातलेच होऊन जातात.

आणि मग द विल येतोच. पण तोही एकटा येत नाही, त्याच्यामागे इअँथी नावाची बाई लागलेली असते कारण त्यानं तिच्या होणाऱ्या नवऱ्याला मारलेलं असतं. त्यानं कधी मारलं, कुणाला मारलं, हे त्याच्या लक्षातसुद्धा नसावं असं वाटतं, त्याच्यासाठी तो कामातला एक अडथळा होता आणि तिच्यासाठी तो अख्खा जन्म होता. एका यंत्राने ती त्याच्या आठवणी उलगडून बघते आणि त्यातूनच तिला हेझलचा पत्ता लागतो. म्हणजे एका बाईचं दुःख त्या मुलीच्या दारापर्यंत युद्ध घेऊन येतं, जिच्याशी तिचं काहीच नाही.

५३व्या अंकात द विल प्रिन्सला मारतो. ५४व्यात मार्कोला. तो अंक जुलै २०१८ चा. स्क्वायरचा बाप गेला, हेझलचा बाप गेला. द विलचं खातं बंद झालं आणि दोन नवी उघडली, दोन्ही लहान मुलांच्या नावावर.

आता कुणी म्हणेल की हे सगळं व्यक्तींचं झालं, सरकारं काय करत होती? ती फार विचार करून वागत होती. लँडफॉल आणि रीथ दोघांनाही हेझलची भीती वाटते. एवढ्याशा पोरीची, का? कारण ती आहे याचाच अर्थ असा की पंखवाली आणि शिंगवाला एकत्र राहू शकतात, प्रेम करू शकतात, मूल होऊ शकतं. आपण सांगत आलोय की ते लोक राक्षस आहेत, त्यांच्याशी जमणं अशक्य, आणि हे मूल नुसतं श्वास घेऊन ते खोटं ठरवतं. बातमी बाहेर पडली तर फौजेत भरती कोण होईल? म्हणून दोन शत्रू सरकारांचं एका गोष्टीवर एकमत आहे, ती गोष्ट म्हणजे हे कुटुंब लोकांना दिसता कामा नये. लांबलेल्या युद्धाचा कुणाला तरी फायदा असतो हे आपण नेहमी ऐकतो, पण फायदा नुसता शस्त्रं विकणाऱ्यांचा नसतो, ज्यांनी आयुष्यभर एक गोष्ट सांगितली त्यांना ती खोटी ठरू द्यायची नसते.

इथे थोडं गणित सांगते, घाबरू नका. १९८० च्या आसपास रॉबर्ट ॲक्सेलरॉड नावाच्या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने कॉम्प्युटरवर एक स्पर्धा घेतली. लोकांनी प्रोग्रॅम पाठवायचे, ते एकमेकांशी एक खेळ पुन्हा पुन्हा खेळणार, प्रत्येक फेरीला साथ द्यायची की दगा. जिंकला तो सगळ्यात छोटा प्रोग्रॅम, ॲनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला, आणि त्याचा नियम आपल्या म्हणीसारखाच होता, जशास तसे. पहिल्या फेरीला साथ दे, मग समोरचा मागच्या वेळी जे वागला तेच कर. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, जशास तसंच बरोबर.

पण त्या खेळात चूक होत नव्हती. खऱ्या जगात चूक होते. आवाज नीट ऐकू येत नाही, निरोप चुकतो, हात हलतो आणि कुणीतरी दचकतो. 'जशास तसे' खेळणारे दोघं समोरासमोर असले आणि एकाकडून एकदाच चुकून दगा झाला, की दुसरा परत दगा देतो, मग पहिला, मग दुसरा, आणि त्या एका चुकीचा प्रतिध्वनी थांबतच नाही, दोघंही नियमानेच वागत असताना. प्रिन्सची ती सुटलेली गोळी म्हणजे अगदी हेच. पुढच्या संशोधकांनी दाखवलं की अशा चुका होणाऱ्या जगात जास्त टिकतो तो प्रोग्रॅम जो बहुतेक वेळा जशास तसं वागतो पण अधूनमधून, कारण नसताना, एक दगा सोडून देतो. कधी सोडेल ते समोरच्याला आधी कळत नाही म्हणून त्याला गृहीतही धरता येत नाही. मला हे वाचून खूप बरं वाटलं होतं, कारण आमच्या घरात कुणी सोडून दिलं की त्याला नेभळट म्हणायची पद्धत होती.

मार्को तेच करायचा प्रयत्न करतो. तो युद्धात लढलाय, मग शरण गेला, कैदी झाला. अलाना त्याच्यावर पहारा देणारी शिपाई. ती त्याला एक कादंबरी वाचून दाखवायची, खाणमालकाची मुलगी आणि दगडाचा माणूस यांची साधी प्रेमकथा, बाजारात मिळते तसली, पण त्या दोघांना तिच्यात युद्धाविरुद्ध काहीतरी लपलेलं दिसतं. तर मार्को शपथ घेतो की घराण्याची तलवार परत उपसणार नाही. आणि पहिल्याच खंडात अलानाला गोळी लागते आणि तलवार बाहेर येते, आणि मग तो माणूस राहत नाही, अलानालाच ओरडून त्याला थांबवावं लागतं. पुढे एकदा घरातल्या भांडणात तो अलानावर हातातलं सामान फेकून मारतो. बाहेरचा शत्रू नाही, सैनिक नाही, स्वयंपाकघर. लेखकाने त्याला तिथे माफ केलेलं नाही हे मला पटतं. ज्याला लहानपणी माळावर नेऊन ते सगळं दाखवलं त्याच्या हातात ते कुठेतरी राहणारच, आणि तो ते मुलीपर्यंत जाऊ नये म्हणून धडपडतो, कधी जमतं कधी नाही.

त्याच्या आईचा, क्लाराचा, प्रवास मला त्याहून मोठा वाटतो. ती सुनेला आधी धड बघायलाही तयार नसते, पंखवाली ना ती. मग नात हातात येते. मग नवरा जातो. मग ती नातीबरोबर लँडफॉलच्या कैदेत जाऊन पडते, आणि सुटकेची वेळ येते तेव्हा तिथे तिला इतकी माणसं जोडली गेलेली असतात की ती तिथेच थांबायचं ठरवते. जिने पोराला कत्तल दाखवली ती बाई शत्रूच्या देशात, स्वतःच्या मर्जीने. कुणी तिला भाषण दिलेलं नाही, फक्त रोजचं जेवण, झोपणं, भांडणं त्या लोकांबरोबर झालं.

याच्या अगदी उलट टोकाला 'मेटाबॅरन्स' ही कॉमिक्स मालिका आहे, त्याबद्दल थोडक्यात सांगते कारण ती माझ्याच्याने फार वेळ वाचली जात नाही. अलेहान्द्रो होडोरोव्स्की लेखक, अर्जेंटिनाचे हुआन हिमेनेझ चित्रकार, १९९२ ते २००३ मध्ये फ्रान्समध्ये आठ खंड आले. रंगांनी भरलेली, एकेक चौकट पेंटिंगसारखी. हिमेनेझ २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. गोष्ट एका योद्ध्यांच्या घराण्याची, आणि घराण्याचे नियम दोन. मुलगा वाढताना बाप त्याच्या शरीराचा एखादा अवयव निकामी करणार, आणि मोठा झाल्यावर मुलाने बापाला लढाईत मारल्याशिवाय त्याला गादी नाही. म्हणजे इथे बाहेरचा शत्रू असलाच पाहिजे असं नाही, कुटुंब हेच युद्ध. 'सागा'त वैर वारशाने येतं, इथे वारसा म्हणजेच बापाचा खून. पिढी दर पिढी माणूस जास्त बलवान होत जातो आणि जास्त यंत्र, कुणाचे पाय लोखंडाचे, एकाचं तर डोकंच. वाचताना सुरुवातीला थरार वाटतो आणि तिसऱ्या पिढीपर्यंत माझं लक्ष फक्त आयांकडे जायला लागलं, प्रत्येक पिढीत एक बाई असते जी हे थांबवायचा प्रयत्न करते. शेवटच्या वारसाला तर नावच नाही.

हे सगळं कादंबरीत किंवा सिनेमात झालं असतं ना, मग कॉमिक्सच का, असं मला विचारतात. दोन गोष्टी सांगते. कॉमिक्सच्या दोन चौकटींमध्ये एक रिकामी पट्टी असते. एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्या चौकटीत जमिनीवर पडलेला माणूस. मधला वार तुम्ही करता, वाचणारा. सुडाच्या गोष्टीत हे फार जड जातं, कारण आपल्याला आधी तो वार व्हावा असं वाटत असतं आणि मग तो आपल्याच डोक्यात झालेला असतो.

दुसरी गोष्ट हेझलचं अक्षर. ही अख्खी गोष्ट हेझल मोठी झाल्यावर सांगतेय, आणि तिचं बोलणं चौकोनी डब्यात छापलेलं नसतं, स्टेपल्स ते स्वतः हाताने चित्रावरच लिहिते. बापाच्या खांद्याजवळ, आजीच्या डोक्यावरच्या मोकळ्या आभाळात, मुलीचं अक्षर. त्यामुळे पहिल्या पानापासून आपल्याला माहीत असतं की ही पोर जगली. बाकी कोण जगेल याची खात्री नसते, पण जिच्यामागे दोन फौजा लागल्यात ती जगली आणि लिहायला शिकली. मला वाईट प्रसंगात तेवढाच आधार असायचा.

आणि मग ५४व्या अंकानंतर दोघांनी मालिका थांबवली. साडेतीन वर्षं. २०२२ च्या जानेवारीत ५५वा अंक आला तेव्हा गोष्टीतही तीन वर्षं गेली होती. आम्ही वाचणारे तेवढा काळ मार्कोशिवाय काढून आलो होतो, आणि समोर हेझल दहा वर्षांची, अलाना चोरून बाळाच्या दुधाची पावडर विकून घर चालवतेय, आणि स्क्वायर बोलतच नाही, बापाच्या मरणानंतर त्याची वाचाच गेलीय. मी तो अंक वाचला तेव्हा सूड कोण घेणार याचा विचारही मनात आला नाही, या पोराने एक शब्द बोलावा एवढंच वाटलं.

आपल्याकडे 'डूख धरणं' म्हणतात, सापावरून आलेला शब्द. महाभारताच्या आदिपर्वात नेमकी हीच गोष्ट सापांची आहे आणि मला ती 'सागा' वाचल्यावरच कळली. अर्जुन आणि कृष्ण खांडववन जाळतात, त्यात तक्षक नागाची बायको पोराला वाचवताना मरते. पुढे अर्जुनाचा नातू परीक्षित तक्षकाच्या दंशाने मरतो. परीक्षिताचा मुलगा जनमेजय बापाचा सूड म्हणून यज्ञ मांडतो, जगातला प्रत्येक साप जाळायचा. ज्यांनी परीक्षिताला पाहिलंही नाही असे साप आगीत येऊन पडायला लागतात. आणि तो यज्ञ थांबवतो कोण, तर आस्तिक नावाचा पोरगा, ज्याची आई नागकुळातली आणि बाप माणूस, ऋषी. दोन्ही घरांचं रक्त असलेलं पोर. तो तलवार घेऊन येत नाही, मंडपात येऊन बोलतो, राजा खूश होऊन वर माग म्हणतो, आणि हा म्हणतो, यज्ञ थांबव. तक्षक तेव्हा आगीच्या वर हवेत लटकलेला असतो. तो वाचतो, म्हणजे खरा 'गुन्हेगार'च सुटतो, आणि खातं तसंच अर्धवट सोडून दिलं जातं. महाभारताची गोष्टही याच यज्ञात पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगितली जाते, मारामारी चालू असताना शेजारी बसून.

हेझल काय करेल ते अजून माहीत नाही. मालिका १०८ अंकांची ठरलीय, म्हणजे मार्को गेला तो बरोबर मध्यावर.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी पहिला खंड घ्या, त्यात पहिले सहा अंक आहेत. यात नग्नता, रक्त, शिव्या सगळं उघड आहे, घरात लहान मुलं असतील तर वरच्या फळीवर ठेवा. वाचायच्या आधी मुखपृष्ठ नीट बघून घ्या, अलाना पोरीला अंगावर पाजतेय आणि बाजूला मार्को उभा आहे. ५४वा अंक संपला की मी परत तेच चित्र काढून बघत बसले होते.